शंभर टक्के हजेरी

१ फेब्रुवारी, सोमवार

निवडणुकीला महिना राहिला. आजपासून रोज लिहायचं, असा निश्चय. हेडमिस्ट्रेस होते तेव्हा रोज लिहीत होते. रिटायर झाल्यावर सवय मोडली. सवय मोडली की माणूस मोडतो, हे मी तीस वर्षं मुलांना सांगितलं.

सकाळी तुइफाओचा राजधानीतून, अपियाहून फोन. माझा धाकटा भाऊ, रस्तेमंत्री. म्हणाला, "ताई, मतदारसंघातली बाकीची चार गावं मी बघतो. आपलं गाव तुझ्या हवाली. गाव हातचं गेलं तर पंचांच्या बैठकीत आपल्याला पाणीसुद्धा कुणी विचारणार नाही." मी म्हटलं, "गाव माझ्या हवाली आहेच. तू स्वस्थ झोप."

आमचा पक्ष सत्तेवर आला तेव्हा मी शाळेत शिकत होते. आता पेन्शन खाते. मधल्या काळात दुसरं सरकार पाहिलेलं माणूस या बेटावर शोधावं लागेल.

समोर उभा आहे पेसेता. बसवाला. माझाच विद्यार्थी, सातवीत दोनदा बसला. त्याच्या बसवर पुढे मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "धीर धरा". धर म्हणावं.

३ फेब्रुवारी

महिला समितीचं इन्स्पेक्शन. पांढरी टोपी, शिट्टी, सकाळी सात. एकोणीस वर्षं मी अध्यक्ष आहे. निवड दरवर्षी होते, पण दुसरं नाव कधी पुढे आलं नाही. यावरून काय ते समजावं.

आमच्या घरांना भिंती नाहीत, नुसते खांब आणि पडदे. त्यामुळे कुणाचं काही लपत नाही. चटया, पातेली, संडास, मनं, सगळं मला दिसतं. तुइफाओचं पोस्टर प्रत्येक घरात आहे. दोन घरांत ते छपराच्या भोकाखाली लावलंय, म्हणजे पावसातही त्यांना त्याचाच आधार वाटतो.

लेपेकाच्या अंगणात गवत. दंड, पिसुपोचे, म्हणजे खाऱ्या गोमांसाचे, दोन डबे. तिचा नवरा गेला त्याला तीन आठवडे झालेत, हे मला माहीत आहे. दम लागला, इथल्या दवाखान्यात डॉक्टर नव्हता, पेसेताच्या बसमधून धक्क्यावर नेला, तर फेरीबोट सुटलेली. वाईट झालं. पण गवताला सुतक नसतं. तिनं मुकाट्यानं डबे आणून दिले. डोळे लाल होते. चुलीचा धूर असावा.

९ फेब्रुवारी

पेसेता गावाच्या पंचांसमोर येऊन गेला. रिकाम्या हातानं! मानाचं पेय करतात त्या कावाची एक मुळी तेवढी ठेवली आणि मांडी घालून बसला. दुपारपर्यंत प्रत्येकाचं ऐकत राहिला. स्वतः जवळजवळ बोललाच नाही. बोलायला काही हवं ना.

१० फेब्रुवारी

आज आमची पाळी. घरटी पिसुपोची पेटी, वर तांदूळ. ट्रकमधून उतरवून मी स्वतः वाटल्या. प्रत्येकानं दोन्ही हातांनी घेतलं, मान झुकवली, "देव तुमचं भलं करो, बाई" म्हटलं. प्रत्येकानं!

खाल्ल्या मिठाला माणूस जागतो. आणि पिसुपोत मीठ भरपूर असतं.

नीको, माझा नवरा, जेवताना म्हणाला, "घेतलं, कारण परत करणं उद्धटपणा दिसला असता." मी म्हटलं, जेव. लग्न झाल्यापासून हा माझ्या माहेरी राहतो. घरजावयानं राजकारणावर बोलू नये, एवढं शहाणपण अडतीस वर्षांत यायला हवं होतं.

१४ फेब्रुवारी, रविवार

देवळात सगळे वेळेवर. पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं. उमूतला, म्हणजे तापल्या दगडांच्या भट्टीतला, टारोचा कंद जळला. नीकोला तीच कड आवडते म्हणे.

२० फेब्रुवारी

एक विचित्र गोष्ट लक्षात आली. मतदानाच्या दिवशी गावात प्रत्येकाला काम निघालंय.

नीको मासेमारीला जाणार. लेपेका आईकडे जाणार. देवळात गाणाऱ्या कॉयरमधल्या बायकांचे गुडघे त्याच दिवशी दुखणार आहेत. वाएलुआ, म्हणजे गावाच्या वतीनं बोलायचा मान ज्यांचा आहे ते म्हातारबुवा, तेसुद्धा मळ्यावर मुक्कामाला जाणार. सिसिफा आजी नव्वदीची. ती तर माझा हात धरून म्हणाली, "पोरी, मी घरी राहिलेलीच बरी. तुझ्यासाठीच बरी."

किती जपतात! मला नेण्याआणण्याचा त्रास नको म्हणून.

पण मूळ कारण मला कळलंय. आळस. तुइफाओ येणारच, मग उन्हात कशाला उभं राहा? मागच्या वेळीही निम्मं गाव घरीच होतं. माझ्या शाळेत हे चाललं नसतं. या वेळी एकही गैरहजर नको. निश्चय.

२३ फेब्रुवारी

लेपेका घरी आली. फणसाची टोपली घेऊन. रीतीप्रमाणे खाली बसली. हवापाण्याचं झाल्यावर म्हणाली, "बाई, त्या दिवशी आम्हाला घरी राहू द्या. तुमच्या घराचा मान आम्हाला ठेवायचाय."

मी म्हटलं, "मान ठेवायचा तर रांगेत उभं राहायचं."

"बाई, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. घरी राहू. कुणाचंच मन दुखायला नको."

"माझं मन दुखेल."

तिनं टोपली माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "बघा हं, बाई. तुम्ही म्हणताय म्हणून."

आज्ञाधारक आहे. गवताचा दंड सत्कारणी लागला.

२५ फेब्रुवारी

कल्पना सुचली, आणि अशी सुचली की माझं मलाच कौतुक वाटलं. शपथ! बायबलवर हात ठेवून. आमच्याकडे माणूस बायकोला फसवेल, सरकारला फसवेल, बायबलवर हात ठेवून फसवणार नाही.

पाद्रीबाबांकडे मजकूर नेला: "मी मतदानाला जाईन आणि तुइफाओलाच मत देईन." पाद्रीबाबा घाम पुसायला लागले. म्हणाले, देवळात माणसाचं नाव घेता येत नाही. पुष्कळ ओढाताण झाल्यावर त्यांनी स्वतः लिहून दिलं: "मी मतदानाला जाईन आणि देवासमोर खोटं वागणार नाही."

अर्थ तोच. उलट आटोपशीर.

पाद्रीबाबांनी दारापर्यंत येऊन विचारलं, "नक्की घ्यायची ना, बाई? एकदा घेतली की मी सोडवू शकणार नाही." मी म्हटलं, सोडवायची कशाला?

२८ फेब्रुवारी, रविवार

शपथ झाली. संपूर्ण गाव. एकेक करून पुढे आले. देवळात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. सिसिफा आजी रडली. भक्तिभाव.

नीको मागच्या बाकावर दडून बसला होता. मी ढकलला. त्यानं बायबलवर हात ठेवला आणि पाद्रीबाबांना विचारलं, "खोटं म्हणजे नक्की काय काय धरायचं?" पुरुषांच्या बाकांवर खसखस पिकली. पाद्रीबाबा म्हणाले, "सगळंच." नीकोचा हात मग बराच वेळ तिथेच होता.

घरी येऊन मी त्याला बोलले. तो शांतपणे जाळं विणत बसला होता. म्हणाला, "फुआ, मासेमारीला गेलो असतो तर सगळ्यांचंच बरं झालं असतं."

४ मार्च

तुइफाओला फोन. सांगितलं, उद्या शंभर टक्के. तो म्हणाला, "किती टक्के?" मी परत सांगितलं. म्हणाला, "ताई, नेहमीसारखं झालं तरी पुरेल गं." विनय. आईकडून आलाय.

५ मार्च, शुक्रवार. मतदान

सकाळी ५.३०. शिट्टी वाजवून गाव उठवलं.

७.००. सगळ्या बायका समितीच्या जांभळ्या युनिफॉर्ममध्ये, मैदानावर, उंचीप्रमाणे. पुरुष मागे. वाएलुआबुवांना मळ्यावरून पोरांकरवी आणवलं. लेपेकाच्या आईच्या गावाला निरोप धाडला नाही, कारण ती गेलीच नव्हती. पहिल्या रांगेत उभी होती. सिसिफा आजीला ढकलगाडीत बसवलं, खाली उशी दिली. गाणं म्हणत शाळेपर्यंत. मी पुढे. माझ्याच शाळेत बूथ आहे, माझ्याच सातवीच्या वर्गात.

हद्दीबाहेर पेसेता आपल्या बसला टेकून उभा. आम्हाला बघून त्यानं टोपी काढली. "बाई," म्हणाला, "सगळं गाव आणलंत?"

"मोजून घे," मी म्हटलं.

"मला वाटलं, कुणी येणारच नाही." आणि त्याच्या डोळ्यांत पाणी. खरंच पाणी. हरणाऱ्याचं तोंड बघवत नाही. मी त्याच्या खांद्यावर थोपटलं. म्हटलं, पुढच्या वेळी अभ्यास करून ये.

११.४०. यादीतलं शेवटचं नाव पूर्ण. बूथवरचा साहेब म्हणाला, असं मी जन्मात पाहिलं नाही. नीको सगळ्यात शेवटी बाहेर आला, शाईचं बोट शर्टला पुसत. विचारलं, नीट केलंस ना? म्हणाला, "शपथ पाळली."

दमले. पण हे दमणं वेगळं.

६ मार्च

सकाळी डुकरं उमूत. विजयाचं जेवण दुपारी. रेडिओ मैदानावर, आवाज पूर्ण.

पहिल्या चार गावांत तुइफाओ चांगला पुढे. देशात मात्र कमाल झाली. पेसेताचा नवा पक्ष आणि आम्ही बरोबरीत! सगळं सरकार आमच्या एका जागेवर अडलं. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, कारण राहिलं होतं फक्त आमचं गाव.

मग आमचं गाव सांगितलं.

निवेदकाची चूक. त्यानं परत सांगितलं. परत चूक. तुइफाओला एकेचाळीस. आमच्या घराण्यातलीच माणसं मोजली तर साठ भरतात! पेसेताला उरलेलं गाव. एकूण बेरजेत पेसेता अकरा मतांनी पुढे.

रेडिओवाला ओरडत होता की चाळीस वर्षांचं सरकार पडलं. मैदानावर कुणी ओरडलं नाही. सगळे माना खाली घालून बसले होते, जणू घरात मयत झालंय. मग वाएलुआबुवा उठले, नेहमीप्रमाणे लांबलचक बोलले, आणि शेवटी म्हणाले की अन्न वाया घालवू नये. तिन्ही डुकरं संपली. सिसिफा आजीनं दुसऱ्यांदा कान मागितला.

७ मार्च

फेरमोजणीचा अर्ज करायला तुइफाओला सांगितलं. शाई निकृष्ट होती. मी स्वतः पाहिली.

९ मार्च

फेरमोजणी. बारा मतांनी पुढे. अर्ज करणं ही तुइफाओची चूक.

११ मार्च

तुइफाओ आला. सरकारी गाडी नव्हती. पेसेताच्या बसनं आला, मागच्या सीटवर. चहा घेतला नाही. उभ्याउभ्याच बोलला, आणि मोठ्या बहिणीशी ज्या आवाजात बोलू नये त्या आवाजात.

"ताई, ही माणसं घरी बसणार होती. प्रत्येक वेळी बसायची. मला मत द्यायचं नाही आणि आपल्या घराविरुद्ध हातही उचलायचा नाही, म्हणून मासे मारायला जायची, मळ्यावर जायची. वीस वर्षं मी त्यांच्या गैरहजेरीवर निवडून येतोय! तुला कुणी सांगितलं होतं सगळ्यांना उठवायला?"

मी म्हटलं, "मतदान हे प्रत्येकाचं पवित्र कर्तव्य आहे. तूच म्हणतोस. भाषणात."

"भाषणात!" तो म्हणाला. "भाषणात, ताई!"

"पण शपथ..."

"तीच तर! नुसतं ढकलून नेलं असतंस तर लाजेकाजेनं निम्म्यांनी मला मत दिलं असतं. तू त्यांना देवासमोर उभं केलंस. आता खोटं कोण वागणार?"

पराभवानं माणूस खचतो, वाटेल ते बोलतो. मी मनावर घेतलं नाही. रात्री थोडं पित्त झालं.

१३ मार्च

इन्स्पेक्शन. मुद्दाम. प्रत्येक घरी विचारलं, मत कुणाला दिलं? प्रत्येक घरी एकच उत्तर: "आम्ही शपथ पाळली, बाई." किती सुंदर बोलतात, आणि त्यातून काहीच कळत नाही.

एकटी लेपेका स्पष्ट बोलली. अंगण झाडत होती. झाडू थांबवला नाही.

"पेसेताला दिलं, बाई. माझा नवरा त्याच्या बसमध्ये गेला. पेसेता गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन मागे आला, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. रस्त्यात इतके खड्डे होते की शेवटचं काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. रस्ते तुमच्या भावाचे. मग तुम्ही गवताला दंड केलात. तरी मी घरी बसणार होते, बाई. तुमच्या दारात येऊन सांगितलं. तुम्ही ऐकलं नाहीत."

मी म्हटलं, आवाज खाली.

"आवाज खालीच आहे," ती म्हणाली. खरोखर खालीच होता.

दंड करायचं ठरवलं. घरी येऊन नीकोला सांगितलं. त्यानं विचारलं, कशाबद्दल? मी अजून विचार करतेय. अंगणात गवताची काडी नव्हती.

१४ मार्च, रविवार

देवळात माझ्या बाकावर मी एकटी. मोकळं बसायला मिळालं. उकाडा फार आहे.

१७ मार्च

समितीची मीटिंग बोलावली. कुणी आलं नाही. निरोप पोचला नसावा. शिट्टी वाजवली होती.

२० मार्च

आज आमच्या घरी गावाचे सगळे पंच आले. पेसेताही. खासदार झाला तरी दाराशी बसला, ही माझ्या शिकवणुकीची फळं. तुइफाओ मध्यभागी. नव्या सरकारचं त्याला बंदर मंडळावर घ्यायचं चाललंय, पेसेतानं शब्द टाकलाय. तुइफाओनंही मोठ्या मनानं नव्या पक्षाचं स्वागत केलं. आमच्या घराण्यात कटुता नाही.

कावा झाल्यावर वाएलुआबुवा काठीला टेकून उभे राहिले आणि माझ्याविषयी बोलले. पाऊण तास! आमच्यात बहीण म्हणजे घराण्याची देवता. पण असं भाषण मी कुठल्याही बहिणीसाठी ऐकलेलं नाही. म्हणाले, गावाची पवित्र बहीण गावासाठी झिजली. तिचे पाय दुखले, तरी तिनं कुणाचं अंगण पाहिल्याशिवाय सोडलं नाही. आता चंद्रानं ढगाआड विसावा घ्यावा. तिची लेक ऑकलंडला आहे, तिथली हवा थंड आहे, थंड हवेत थोरांना शांत झोप लागते. तिकीट गावानं काढलंय. चार उंची चटया, आमच्याकडचा सर्वांत मोठा मान, माझ्यापुढे उलगडल्या.

मग तुइफाओ उठला. म्हणाला, "ताईला सोडणं म्हणजे उजवा हात तोडणं. पण गावाची इच्छा ती आमच्या घराची इच्छा." त्याचा आवाज फाटला. पेसेतानं त्याला पाणी दिलं.

मला भरून आलं. मी थोडक्यात आभार मानले, अर्धा तास.

निश्चय: तीन आठवडे जाऊन यायचं. तेवढ्यात लोकांना माझी किंमत कळेल.

२२ मार्च

सीनाचा ऑकलंडहून फोन. म्हणाली, "आई, मुलांची खोली तुला देतोय, मुलं हॉलमध्ये झोपतील. इथल्या डॉक्टरकडे तुझं नाव घातलंय. मामा म्हणाला, कायमचं आहे तर सगळं आताच करून टाक."

मी म्हटलं, तीन आठवडे. ती म्हणाली, "मामाशी बोल, आई."

मामाचा फोन लागत नाही. बंदराच्या कामात असेल.

२५ मार्च

नीकोला बॅग भरायला सांगितलं. म्हणाला, "माझं तिकीट नाही." चौकशी केली. खरंच नाही. पंच विसरले असावेत, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "विसरले नाहीत. त्यांनी मला विचारलं होतं." जाळं घेऊन निघून गेला.

२७ मार्च, शनिवार. दुपारी २, फेरीवर

बोट हलते आहे, अक्षर वाकडं येतंय.

सगळं गाव धक्क्यावर आलं होतं. गळ्यात इतके हार की मान वळेना. गाणी म्हटली. लेपेकानं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "देव तुमचं भलं करो, बाई." सूर अगदी मनापासून होता. पेसेतानं माझी बॅग स्वतः उचलून आत आणली. मी त्याला सांगितलं, पाठ ताठ ठेव. त्यानं ठेवली.

समितीच्या पुढच्या मीटिंगची तारीख मी वाएलुआबुवांना विचारली. ते म्हणाले, "समुद्र सांगेल." अतिशय सुंदर बोलतात.

बोट सुटली. लाटांचा आवाज, म्हणून कठड्यावर वाकून ओरडले की पंधरा एप्रिलला इन्स्पेक्शन, चटया उन्हात घालून ठेवा. काठावरून कुणीतरी काहीतरी म्हणालं, मला ऐकू आलं नाही, आणि सगळं गाव हसायला लागलं. आधी तोंडावर हात ठेवून, मग उघड.

नीको पुढेच उभा होता. तोही हसत होता. पोट धरून.

अडतीस वर्षं संसार केला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडते, हे मला आज कळलं.